शेजारच्या आजोबांची जुनी माउझर घेऊ का?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणारे वाचक मूळचे सिंधुदुर्गातले. आता पेनसिल्व्हेनियात स्थायिक आहेत, ग्रीन कार्ड आहे. दोन वर्षांपासून ते शेजारच्या ८१ वर्षांच्या गृहस्थांबरोबर हरणांच्या मोसमात रानात जातात. यंदा स्वतःची रायफल घ्यायची आहे. त्या आजोबांच्या वडिलांनी १९४५ साली जर्मनीहून एक माउझर, म्हणजे जर्मन सैन्याची रायफल, आणली होती. पुढे १९५०च्या दशकात कुणाकडून तरी तिची शिकारीची रायफल करून घेतली. आजोबा ती ३५० डॉलरला द्यायला तयार आहेत, सोबत काडतुसांचा एक जुना डबाही. रिसीव्हरवर, म्हणजे नळी आणि बोल्ट ज्यात बसतात त्या पोलादी सांगाड्यावर, बीवायएफ अशी तीन अक्षरं आणि ४३ हा आकडा आहे. नळीवर मात्र काहीच कोरलेलं नाही. आजोबा म्हणतात ती थर्टी-ऑट-सिक्स या .३० इंची अमेरिकी काडतुसाची आहे. डब्यावर बॉलपेनने '८ एमएम-०६' लिहिलेलं आहे. वाचक म्हणतात, "सैन्याची रायफल आहे, सत्तर वर्षं चालली, अजून सत्तर चालेल. आमच्या घरात शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक होती, त्यामुळे मी काही नवखा नाही. शिवाय जुनी माउझर, किंमत वाढतच जाणार. बायको म्हणते नवीन घे. पण नाही म्हटलं तर आजोबांना वाईट वाटेल. काय करू?"

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना डब्यावरच्या त्या बॉलपेनच्या अक्षरांपाशी थांबलो. तुम्ही ती ओळ सहज लिहून पुढे गेलात, पण तुमचा निम्मा निर्णय तिच्यात आहे. तिच्याकडे येतोच. त्याआधी तुम्ही धरून चाललेल्या एकदोन गोष्टींबद्दल बोलू.

सैन्याची म्हणजे दणकट, हे तुमचं म्हणणं चूक नाही. १८९८ साली जर्मन सैन्याने स्वीकारलेली माउझरची रचना आजही शिकारीच्या कितीतरी रायफलींचा पाया आहे. नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याला बोल्ट म्हणतात. बोल्टच्या तोंडाशी दोन जाड कान असतात, त्यांना लग म्हणतात. गोळी उडते तेव्हा सगळा दाब हे दोन लग पेलतात. ही रचना करणाऱ्या पॉल माउझरने मागच्या बाजूला तिसरा लग राखीव ठेवला. बोल्टच्या अंगात दोन लांबट भोकं ठेवली, म्हणजे काडतुसाचं बूड फाटलंच तर तापलेला वायू डोळ्यांकडे न येता बाजूला निघून जावा. मी उभा जन्म टूलरूममध्ये काढला, आधी पिंपरीला आणि मग तीस वर्षं ओहायोत. तरीही ते बोल्ट हातात घेतलं की त्या माणसाच्या विचाराचं कौतुक वाटतं.

पण हे सगळं जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्यातून १९४३ साली बाहेर पडलेल्या रायफलीबद्दल झालं. बीवायएफ हा त्याच कारखान्याचा युद्धकाळातला सांकेतिक शिक्का आणि ४३ हे साल. तुमच्यासमोर असलेली रायफल ती नाही. तिचा लाकडी दस्ता कुणीतरी कापला किंवा बदलला. बोल्टचं मूळचं वाकवलेलं हँडल कापून नवं जोडलं असेल. दुर्बीण बसवायला भोकं पाडून आटे पाडले असतील, वरचा उंचवटा घासून सपाट केला असेल, चापही बदलला असेल. यातली प्रत्येक गोष्ट नीट करता येते, तशी वाईटही करता येते. म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की तुम्ही माउझर विकत घेत नाही आहात. सत्तर वर्षांपूर्वीच्या एका अनोळखी माणसाच्या हाताचं काम विकत घेताय. तपासायचा आहे तो हात.

तो काळ लक्षात घ्या. युद्ध संपल्यावर अमेरिकेत लाखो लष्करी रायफली स्वस्तात आल्या. १९६८चा कायदा येईपर्यंत त्या टपालानेसुद्धा मागवता येत. नवी शिकारी रायफल परवडत नसे, ही परवडायची. मग कुणी ती चांगल्या गनस्मिथकडे दिली, तर कुणी गॅरेजमध्ये करवत आणि कानस घेऊन स्वतःच बसला. न्यूयॉर्कच्या ग्रिफिन अँड हाव या बंदूककारांनी १९२३ पासून स्प्रिंगफील्ड या अमेरिकी लष्करी रायफलीच्या सांगाड्यावर इतक्या देखण्या रायफली घडवल्या, की त्या आजही लोक जपून ठेवतात. आणि रविवारच्या दुपारी ग्राइंडर फिरवून केलेल्यालाही लोक त्याच नावाने ओळखतात, स्पोर्टर. त्या एका शब्दावरून कामाचा दर्जा कळत नाही.

मी स्वतः यात फसलो आहे. इथे आल्यावर दुसऱ्याच वर्षी एक स्पोर्टर माउझर घेतली. निळं पॉलिश इतकं खोल की आरशासारखं. पहिली तीस-चाळीस काडतुसं छान गेली. मग हँडल उचलताना शेवटी शेवटी बोटाला एक अडखळ जाणवायला लागली. हळूच 'टक' होऊन ते सुटायचं. मी तेल घातलं. दुसऱ्या आठवड्यात ती अडखळ वाढली. गनस्मिथने बोल्टच्या दोन्ही लगना रंग लावून ते मिटवलं आणि उघडलं. एका लगचा रंग पुसला गेला होता, दुसऱ्याचा जसाच्या तसा. म्हणजे इतके दिवस सगळा दाब एकच लग झेलत होता, आणि रिसीव्हरमधली त्याची बैठक चेपून खड्डा पडला होता. हँडल त्या खड्ड्यातून वर चढताना अडखळत होतं. विकणाऱ्याने फसवलं असं मी म्हणणार नाही, त्यालाही माहीत नसावं. पण ती रायफल त्या दिवसापासून बाद झाली.

तुम्ही कोकणातले, म्हणून नारळाचंच उदाहरण देतो. जुन्या माउझरच्या पोलादाला पाणी दिलंय ते वरवर. करवंटीसारखी बाहेरची पातळ कड कडक, आत खोबरं मऊ. ते मुद्दामच तसं आहे. कडक कातडी झिजत नाही, मऊ गाभा धक्का बसला तरी काचेसारखा फुटत नाही. पण कुणी लगच्या बैठकीवर किंवा रिसीव्हरवर ग्राइंडर चालवून ती करवंटी घासून टाकली, की दाब थेट खोबऱ्यावर येतो. हँडल वेल्ड करतानाही तसंच. बोल्टचं तोंड थंड ठेवायची काळजी घेतली नाही तर उष्णता पुढे सरकते आणि लगचं पाणी उतरतं. वेल्डिंगजवळचे पिवळे-निळे पट्टे पाहिले असते तर कळलं असतं, पण पॉलिश मारल्यावर ते दिसत नाहीत. म्हणूनच चकाकीवर जाऊ नका म्हणतो.

आता तो डबा.

८ एमएम-०६ हे काडतूस कुठल्याही दुकानात मिळत नाही. ते घरी भरावं लागतं. युद्धानंतर माउझर घेऊन परतलेल्या शिपायांची अडचण अशी होती, की जर्मन ८ मिलिमीटरची काडतुसं इथे सहज मिळत नव्हती, आणि थर्टी-ऑट-सिक्सची रिकामी टरफलं मात्र ढिगाने पडलेली असायची. मग गनस्मिथ मूळ जर्मन नळी तशीच ठेवत. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, रीमर हे कापणारं हत्यार फिरवून ते थोडं लांब करत, आणि थर्टी-ऑट-सिक्सच्या टरफलाची मान रुंद करून त्यात ८ मिलिमीटरची गोळी बसवत. स्वस्त आणि हुशारीची युक्ती होती. आजोबांच्या आठवणीत 'ऑट-सिक्स' हे शब्द राहिले आणि पुढचा '८ एमएम' गळून पडला, असं मला वाटतं. त्यांनी मुद्दाम चुकीचं सांगितलेलं नाही. वडिलांच्या हातात टरफल थर्टी-ऑट-सिक्सचं होतं, मुलाने तेच ऐकलं असणार.

हे ताडून बघणं सोपं आहे. बोल्ट काढून टाका, नळी रिकामी असल्याची दोन्ही बाजूंनी खात्री करा, आणि मग दस्त्याच्या पुढे नळीकडे बाजूने पाहा. लष्करी माउझरची नळी एकसारखी निमुळती होत जात नाही, तिला पायऱ्या असतात. थोडं अंतर सारखी जाडी, मग एक उतार, पुन्हा सारखी जाडी. पायऱ्या दिसल्या तर ती मूळची ८ मिलिमीटरची नळी आहे, आणि ती थर्टी-ऑट-सिक्स असण्याची शक्यता जवळजवळ संपली. दुसरी खूण नळीच्या तोंडाशी. थर्टी-ऑट-सिक्सची सुटी गोळी, म्हणजे काडतूस नव्हे, नुसती गोळी, टोकाकडून नळीत सोडा. खऱ्या .३० च्या नळीत ती थोडं टोक आत जाऊन अडते, कारण गोळी .३०८ इंचाची आणि आतल्या कडांमधलं अंतर .३००. आठ मिलिमीटरच्या नळीत ते अंतर .३११ च्या आसपास असतं, त्यामुळे गोळी सरळ आत घसरते. ही ढोबळ खूण झाली. पक्कं उत्तर चेंबरचा साचा घेतल्यावर मिळतं. गनस्मिथकडे कमी तापमानाला वितळणारा एक मिश्रधातू असतो, तो चेंबरमध्ये ओतून निवल्यावर बाहेर काढतात आणि मोजतात. या कामाचे पैसे द्यायला मागेपुढे पाहू नका.

चुकीचं काडतूस घातलं तर काय होतं, तेही सांगतो. ८ एमएम-०६च्या चेंबरमध्ये थर्टी-ऑट-सिक्स बसेल आणि उडेलही, पण बारीक गोळी रुंद नळीतून खुळखुळत जाईल. नेम लागणार नाही, आणि रानात न लागलेला नेम म्हणजे जखमी होऊन पळालेलं जनावर. त्याच चेंबरमध्ये दुकानातलं ८ मिलिमीटर माउझरचं काडतूस घातलं तर ते आखूड पडेल, मागे आधार राहणार नाही, टरफल ताणून फाटू शकतं. आणि डब्यातली काडतुसं एखाद्या खऱ्या थर्टी-ऑट-सिक्समध्ये गेली तर जाड गोळी बारीक नळीत कोंबली जाईल. हा प्रकार सगळ्यात घातक. म्हणून तो डबा घरी आणूच नका. ती भरली कुणी, दारू कुठली, किती, याची कुठेही नोंद नाही. घरी भरलेली दुसऱ्याची काडतुसं कितीही जवळच्या माणसाने दिली तरी उडवायची नसतात. गनस्मिथ किंवा स्थानिक पोलीस त्यांची विल्हेवाट लावण्याचा मार्ग सांगतील. त्यातलं एक टरफल मात्र, जर त्या काळी उडवलेलं रिकामं सापडलं, तर जपून ठेवा. बुडाच्या थोडं वर चकचकीत कडं दिसतं का पाहा. असेल तर टरफल तिथे ताणलं जात होतं. बारीक तार टोकाशी वाकवून आतून फिरवली तर त्या जागी खाच लागते.

आता 'मी नवखा नाही' याबद्दल, आणि हे जरा हळू सांगतो. घरातली बंदूक पाहत मोठं होणं ही चांगली शिदोरी आहे. नळी कुठे रोखायची नाही, भरलेली बंदूक भिंतीला टेकवायची नाही, हे तुमच्या अंगात मुरलेलं असणार. पण बारा बोअरच्या काडतुसाचा कमाल दाब अमेरिकी मानकानुसार चौरस इंचाला ११,५०० पौंड असतो, आणि थर्टी-ऑट-सिक्सचा ६०,०००. पाचपट. ठासणीची किंवा बारा बोअरची बंदूक ढिली झाली तर ती कुरकुरते. रायफल ढिली झाली तर अनेकदा आधी काही कळतच नाही, आणि तुमचा गाल त्या बोल्टपासून चार बोटांवर असतो. 'सत्तर वर्षं चालली' या वाक्यालाही मी हाच प्रश्न विचारेन. किती काडतुसं उडाली? वर्षाला चार उडवून सत्तर वर्षं कपाटात उभी राहिलेली रायफल म्हणजे जेमतेम दोनशे ऐंशी काडतुसांचा अनुभव. माझी फसलेली माउझरही 'इतकी वर्षं' चालली होती.

आजोबांच्या घरी दिवाणखान्यात बसून तुम्ही स्वतः काय बघू शकता? अनुक्रमांक आधी बघा. रिसीव्हरच्या डाव्या बाजूला तो असायला हवा. पॉलिश करताना कुणी तो घासून टाकला असेल तर विषय तिथेच संपवा, कारण खोडलेला क्रमांक असलेली बंदूक जवळ बाळगणं हाच केंद्रीय गुन्हा आहे. मग बोल्टवरचा क्रमांक रिसीव्हरशी जुळतो का ते बघा. शिपायाने आणलेल्या रायफलीत तो बऱ्याचदा जुळतो. जुळला नाही तर बोल्ट दुसऱ्या रायफलीचं आहे, आणि हेडस्पेस तपासणं आणखीच गरजेचं. हेडस्पेस म्हणजे मिटलेल्या बोल्टचं तोंड आणि चेंबरमध्ये काडतूस जिथे अडतं ती जागा, यांतलं अंतर. इंचाच्या काही हजाराव्या भागांचा खेळ असतो. त्यासाठी पोलादी गेज मिळतात. 'गो' गेजवर बोल्ट मिटलं पाहिजे, 'नो-गो'वर मिटता कामा नये. बोल्टमधून पिन आणि एक्स्ट्रॅक्टर (टरफल बाहेर खेचणारा आकडा) काढून, नुसत्या बोटाच्या दाबाने. ते काम गनस्मिथचं, पण तो असंच करतोय ना हे उभं राहून पाहा.

सेफ्टीची परीक्षा मात्र तुमच्या हातात आहे, आणि स्पोर्टरमध्ये मी सगळ्यात जास्त बिघाड इथेच पाहिले आहेत. माउझरची मूळ सेफ्टी मागे उभी राहणारी पंखासारखी असते. दुर्बीण बसवली की ती आड येते, म्हणून लोक ती कापतात किंवा आडवी फिरणारी बसवतात. रायफल रिकामी, नळी सुरक्षित दिशेला. बोल्ट उघडून मिटा, सेफ्टी लावा, चाप जोरात ओढा आणि सोडून द्या. आता चापाला बोटही न लावता सेफ्टी काढा. त्या क्षणी आत खटका पडला तर ती रायफल भरायची नाही. आजोबांना ही परीक्षा माहीत नसेल, त्यांच्यासमोर करा. पुढे बोल्ट झटक्याने मिटून बघा. तेव्हाही खटका पडता कामा नये. हे दोन्ही नीट झालं तर चाप-सेफ्टीचं काम जाणकाराचं आहे असं समजायला हरकत नाही.

बाकीचं भरभर. दुर्बिणीची चार भोकं नळीच्या रेषेत आहेत का, दस्त्याला चापामागे चीर गेली आहे का, नळीत आत खड्डे आहेत का. काडतुसं खालच्या पेटीतून सहज वर चढतात का, हे तुमच्या बाबतीत खास महत्त्वाचं, कारण ऑट-सिक्सचं टरफल मूळ जर्मन काडतुसापेक्षा लांब, आणि पेटी लांब करताना काही जण पुढची पोलादी भिंत फार घासतात. बोल्ट आणि रिसीव्हरवर चुंबकीय कणांची तपासणी करता आली तर उत्तम. पुण्यातल्या कुठल्याही गिअर कारखान्यात भेगा शोधायला हीच पद्धत वापरतात.

ज्यांना माउझरऐवजी दुसरी कुठली स्पोर्टर मिळते आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अमेरिकेची स्प्रिंगफील्ड १९०३ असेल तर आधी क्रमांक बघा. स्प्रिंगफील्ड कारखान्याचा ८,००,००० च्या खालचा आणि रॉक आयलंड या दुसऱ्या सरकारी कारखान्याचा २,८५,५०७ च्या खालचा रिसीव्हर उडवू नये असा जुना संकेत आहे. त्याचं कारण मला, भट्टीजवळ काम केलेल्या माणसाला, आतून कळतं. तिथले कारागीर घडाईचं तापमान पोलादाच्या रंगावरून ओळखत. ढगाळ दिवशी आणि उन्हाच्या दिवशी तोच रंग डोळ्याला वेगळा दिसतो. पुढे तापमापक लावले तेव्हा अंदाज ३०० अंश फॅरनहाइटपर्यंत चुकत असल्याचं निघालं. जळालेलं पोलाद ठिसूळ झालं आणि १९१७ मध्ये रिसीव्हर फुटले. त्यात कामगारांचा निष्काळजीपणा नव्हता, त्यांच्या हातात साधनच तेवढं होतं. १८९३ किंवा १८९५ च्या जुन्या माउझरमध्ये तो तिसरा लग नसतो, त्यांना जोरदार आधुनिक काडतूस लावलेलं असेल तर मी हात लावणार नाही. आणि कुणाला बंगालातल्या इच्छापूरच्या सरकारी कारखान्याची ७.६२ मिलिमीटरची ली-एनफील्ड इथल्या दुकानात दिसली आणि मायदेशाच्या ओढीने मन भरून आलं, तर खुशाल हातात घ्या, पण तपासण्या याच.

किमतीचं म्हणाल तर वाढेल ही आशा सोडून द्या. मूळ रूपातली, सगळे क्रमांक जुळणारी १९४३ची माउझर आज हजार डॉलरच्या वर जाते. दस्ता कापला आणि भोकं पाडली त्या दिवशी ती किंमत गेली, आणि ती परत येत नाही. उलट हिशोब करा. ३५० डॉलर, तपासणीचा खर्च, आणि ८ एमएम-०६ निघाली तर काडतुसं घरी भरायचं सगळं सामान आणि ते शिकायला एक वर्ष. नळी बदलून खरी थर्टी-ऑट-सिक्स करायची तर तो खर्च रायफलीपेक्षा जास्त. पाचशे डॉलरच्या आसपास नवी, पहिल्या दिवसापासून दुकानातली काडतुसं खाणारी बोल्ट रायफल मिळते. निव्वळ हरणासाठी हवी असेल तर तुमची बायको बरोबर बोलते आहे, आणि रायफलीचा मोसम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो. हे सगळं तोवर उरकणार नाही.

पण तुम्हाला फक्त हरणासाठी हवी आहे, असं पत्रातून मला वाटलं नाही. दोन वर्षं तुम्ही एका म्हाताऱ्या माणसाबरोबर पहाटे चारला थंडीत बसला आहात. मुलांपैकी कुणाला न देता ते वडिलांची वस्तू तुम्हाला देतायत. ते ३५० डॉलरसाठी नक्कीच नाही. तेव्हा 'नाही म्हटलं तर वाईट वाटेल' या भीतीला मी एक प्रश्न विचारतो. त्यांना वाईट कशाचं वाटेल? तुम्ही रायफल तपासायला नेली याचं, की त्यांच्या वडिलांच्या रायफलीने तुम्हाला इजा झाली याचं? त्यांना सरळ सांगा, "काका, ही रायफल मला हवी आहे. पण वडिलांनी ती नेमकी काय करून घेतली होती हे मला समजून घ्यायचंय. गनस्मिथकडे तुम्हीही चला." माझा अंदाज आहे की ते खूश होतील. तिची विचारपूस करणारा माणूस त्यांना बऱ्याच वर्षांनी भेटला असेल. आणि त्याआधी एका संध्याकाळी बसून त्यांना आठवतंय ते लिहून घ्या. कुणाकडून करून घेतली, कुठल्या गावी, वडील कुठल्या हरणामागे ती घेऊन गेले. त्यांच्या मुलांना ते नको आहे ना, हेही एकदा विचारा. वडिलोपार्जित वस्तू शेजारी गेली म्हणून नंतर भांडणं झालेली मी पाहिली आहेत.

व्यवहार परवानाधारक दुकानातूनच करा. पेनसिल्व्हेनियात दोन खासगी माणसांत रायफलीचा व्यवहार दुकानाशिवायही चालतो, तरी दुकानातून फॉर्म ४४७३ हा बंदूक खरेदीचा केंद्रीय अर्ज भरून आणि पार्श्वभूमीची तपासणी होऊन झाला तर नोंद राहते, आणि परदेशातून आलेल्या माणसाला नोंद असणं फार उपयोगी. इथे आणखी एक, तुमच्यासाठी नाही, पण हे वाचणाऱ्या अनेकांसाठी. तुमचं ग्रीन कार्ड आहे. ज्यांचा एच-१बी किंवा तसा नॉन-इमिग्रंट व्हिसा आहे, त्यांना केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतूस दोन्ही जवळ बाळगायला मनाई आहे. राज्याचा चालू असलेला शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद, आणि परवान्याची मुदत संपली की तो अपवादही संपतो. कपाटात पडलेल्या रायफलीपायी व्हिसा धोक्यात घालू नका, आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा.

तुम्ही आजोबांना शब्द देण्याआधी एवढी वाट ठेवा: तपासणी झाल्यावर किंमत ठरवू. गनस्मिथने हेडस्पेस, लग आणि सेफ्टी तिन्ही चांगली सांगितली आणि नळी खरंच थर्टी-ऑट-सिक्स निघाली, तर ३५० मध्ये बिनधास्त घ्या, उत्तम रायफल आहे. नळी ८ एमएम-०६ची निघाली पण बाकी काम चोख असेल, तर मी तुमच्या जागी यंदा नवी रायफल घेऊन रानात जाईन, माउझरही घेईन, आणि हिवाळाभर कुणा जाणकाराशेजारी बसून तिची काडतुसं भरायला शिकेन. आणि लगची बैठक चेपलेली निघाली तर ती उडवायची नाही, दुरुस्तही करायची नाही. अशा वेळी आजोबांना म्हणा की ती तुमच्याच घरात राहू द्या, मी तुमच्याकडे येऊन बघत जाईन.

गनस्मिथकडून आल्यावर चेंबरच्या साच्याची मापं मला कळवा. फोटोही पाठवा, नळीचा बाजूने काढलेला, पायऱ्या दिसतील असा.